मृगाच्या आधी दरवाजा बघून घ्या: धरणाच्या वक्र दरवाजांची पावसाळापूर्व तपासणी

कोयनेचे दरवाजे उघडले की बातमी होते. दरवाजे किती फुटांवर आहेत, विसर्ग किती क्युसेक, पायथा वीजगृहाचे २१०० क्युसेक धरून नदीत एकूण किती पाणी चाललंय, हे कराडपासून सांगलीपर्यंत प्रत्येक घरात बोललं जातं. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा पातळी आणि ४५ ला धोका पातळी, हे शाळकरी पोरंही सांगतात. पण सगळी भिस्त ज्या दरवाजावर असते तो ऑगस्टमध्ये नीट चालणार की नाही, हे एप्रिल-मेमध्ये ठरून गेलेलं असतं. त्या दिवसांतलं काम कसं करायचं, ते इथे क्रमाने सांगतो. नव्याने रुजू झालेले शाखा अभियंते, ठेकेदाराकडचे फिटर आणि आयटीआय करून गेट ऑपरेटर झालेली मुलं डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय. कोयनेचे सहा, वारणेचे चार किंवा आपल्या भागातल्या दुसऱ्या कुठल्याही धरणाचे वक्र दरवाजे असोत, पद्धत तीच.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचा सगळा क्रम तिच्यावर बेतलाय. तपासणीला आलेल्या साहेबांचं लक्ष पहिलं जातं ते गळतीकडे. रबर सीलमधून पाण्याची धार दिसते, फोटोतही येते, म्हणून पहिला शेरा तिच्यावर पडतो. गळणारा दरवाजा त्रासाचा असतो, पण खरा घात करतो तो अडकणारा किंवा मोडणारा दरवाजा, आणि तो आधी काहीच दाखवत नाही. म्हणून तपासणीची सुरुवात ट्रनियनपासून, म्हणजे दरवाजा ज्या पिनेवर फिरतो त्या सांध्यापासून करा आणि सील शेवटाकडे ठेवा.

कधी आणि कोणाला घेऊन

उन्हाळ्यात पाणी सांडव्याच्या माथ्याखाली उतरलं की दरवाजे कोरडे पडतात. हीच संधी. अक्षय तृतीयेच्या सुमाराला कामाला हात घाला आणि मृग निघायच्या आधी चाचण्यांसकट सगळं संपवा. मेच्या शेवटच्या आठवड्यासाठी काही राखून ठेवू नका. वळवाचा एक जोरदार पाऊस झाला की रंगकाम थांबतं आणि दोर ओले होतात. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर अशी दोनदा पाहणी बंधनकारक केली आहे. दोन्ही करायच्याच, पण दुरुस्तीला वेळ हाताशी असतो तो या पहिल्या पाहणीत.

वक्र दरवाजे आणि रोप ड्रम होईस्ट (ड्रमवर दोर गुंडाळून दरवाजा उचलणारं यंत्र) यांच्या तपासणी व देखभालीसाठी आयएस १००९६ हे भारतीय मानक आहे. त्याची प्रत, दरवाजाचे मूळ नकाशे आणि मागच्या किमान तीन वर्षांची नोंदवही कार्यालयातून घेऊनच धरणावर जा. आणि जुन्या खलाशाला, म्हणजे धरणावरच्या अनुभवी कामगाराला सोबत घ्या. कुठल्या दरवाजाचा गिअर कधी आवाज करतो, हे त्या मामांना नोंदवहीपेक्षा जास्त माहीत असतं.

पायऱ्या उतरण्याआधी होईस्ट ब्रिजच्या खाली आणि भुजांच्या (पत्र्यापासून पिनेपर्यंत जाणाऱ्या लोखंडी हातांच्या) सांध्यांत आग्यामोहोळ आहे का ते लांबून बघा. सह्याद्रीतल्या धरणांवर उन्हाळ्यात हमखास असतं. पोळं असेल तर जाणकार माणसाकडून ते हलवून घेईपर्यंत खाली कोणालाही सोडायचं नाही. बाकी नियम नेहमीचेच: मुख्य स्विच बंद, त्याला कुलूप, किल्ली खाली उतरणाऱ्याच्या खिशात, कमरेला हार्नेस, आणि उचललेल्या दरवाजाखाली कोणीही उभं राहायचं नाही.

ट्रनियन: इथे अर्धा दिवस गेला तरी चालेल

वक्र दरवाजाची रचना हुशारीची आहे. पत्रा वर्तुळाच्या कमानीत वळवलेला असतो आणि त्या वर्तुळाचं केंद्र म्हणजे ट्रनियनची पिन. त्यामुळे पाण्याचा सगळा दाब भुजांमधून थेट पिनेकडे जातो. होईस्टला उचलावं लागतं ते फक्त दरवाजाचं वजन आणि थोडं घर्षण. म्हणून एवढा मोठा दरवाजा एका छोट्या मोटरवर चालतो.

धोकाही इथेच लपलेला आहे. हिशेब मांडून बघू. समजा दरवाजा १२ मीटर रुंद आहे आणि त्याच्यामागे ८ मीटर पाणी उभं आहे. पाण्याचा आडवा दाब होतो साधारण ३८४ टन. पिनेची त्रिज्या १५ सेंटिमीटर, दरवाजाची त्रिज्या ९ मीटर धरू. ग्रीस ताजं असताना घर्षणगुणांक ०.१५ धरला, तर पिनेवरचं घर्षण मोडायला दोरांवर सुमारे एक टन जादा ओढ लागते. पिन गंजली आणि गुणांक दुप्पट, म्हणजे ०.३ झाला, तर ती ओढ दोन टनांच्या आसपास जाते. तीस-चाळीस टनांचा दरवाजा उचलणाऱ्या मोटरला एका टनाचा हा फरक जेमतेम जाणवतो. अँपिअर मीटरचा काटा थोडासा हलेल, बस्स. पण तेच घर्षण भुजेला मुळाशी वाकवत असतं, आणि तिथला भार दुप्पट झालेला असतो. दरवाजा रोज नीट वरखाली होताना दिसतो आणि भुजा आतून थकत जाते.

कॅलिफोर्नियातल्या फॉलसम धरणावर नेमकं हेच झालं. १७ जुलै १९९५ ला तिसऱ्या क्रमांकाचा वक्र दरवाजा उघडत असताना भुजांमधली एक तिरकी तान (भुजांना एकमेकींशी बांधणारा लोखंडी दांडा) तुटली आणि पाठोपाठ दरवाजाच कोसळला. नदीत सुमारे ४०,००० क्युसेक पाणी सुटलं. चौकशीत कारण निघालं ते पिनेवर वाढलेलं घर्षण. मूळ आराखड्यात त्याचा विचारच नव्हता, आणि वर्षानुवर्षं गंज वाढत गेला होता. ट्रनियनला अर्धा दिवस द्या म्हणतो, तो यासाठी.

काम असं करा. पिनेभोवतीचं वाळलेलं, मातकट ग्रीस चिंध्यांनी पूर्ण पुसून काढा. आतून काय बाहेर आलंय ते बोटांत घेऊन चोळून बघा. तांबूस रंग म्हणजे गंज, पिवळसर चकाकी म्हणजे पिनेभोवतीच्या नळीचं, बुशचं, कांस्य झिजतंय, आणि खरखर लागली तर धूळ आत गेलीय. मग ग्रीस गनने नवीन ग्रीस भरा, बुशच्या दोन्ही बाजूंनी ताजं ग्रीस बाहेर येईपर्यंत. एकाच बाजूने येत असेल तर दुसरीकडची खाच तुंबलेली आहे. ग्रीस जातच नसेल तर जोर लावून पंप मारत बसू नका. नळी सोडवा, निपल बदला, खाच साफ करा. दरवाजा थोडा वर, थोडा खाली करत ग्रीस भरलं तर ते सगळीकडे नीट पसरतं, कारण पिन एकाच जागी असताना दाबाच्या बाजूला ग्रीस पोचत नाही. काही नव्या दरवाजांना बिनग्रीसचे, स्वतःच वंगण देणारे बुश असतात. तिथे ग्रीस भरायचं नाही, म्हणून नकाशा आधी बघा.

बुश आणि पिनेमधली फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा आणि दोन्ही बाजूंचे आकडे लिहा. पिन फिरू नये म्हणून लावलेली लॉकिंग प्लेट आणि तिचे बोल्ट हातोडीने वाजवून बघा. घट्ट बोल्ट खणखणीत वाजतो, ढिला बद्द वाजतो. ब्रॅकेटमागच्या काँक्रीटला भेग असेल तर तिच्या दोन्ही टोकांना रंगाची खूण करून तारीख टाका. पुढच्या वर्षी भेग खुणेच्या पुढे गेली की लगेच कळेल.

भुजा आणि पत्रा

भुजांमध्ये बघायच्या जागा ठरलेल्या आहेत: ट्रनियनजवळचे वेल्ड, आडव्या-तिरक्या तानांचे सांधे, आणि भुजा गर्डरला मिळते तो कोपरा. रंगावर केसासारखी रेघ दिसली की तिथला रंग खरवडून डाय पेनिट्रंट चाचणी करा. क्लीनर मारून पुसायचं, लाल द्रव लावून डब्यावर लिहिलेला वेळ थांबायचं, पुसून पांढरं डेव्हलपर मारायचं. भेग असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. साहित्य साताऱ्यात किंवा कुपवाडला वेल्डिंगच्या दुकानात मिळतं आणि खर्च फार नाही. भेग सापडली तर जागेवरच वेल्ड मारून मोकळं व्हायचा मोह टाळा. आधी वरिष्ठांना कळवा. चुकीच्या क्रमाने भरलेला वेल्ड आत नवीन ताण सोडून जातो.

आडव्या गर्डरना पाणी निथळायला भोकं ठेवलेली असतात. पालापाचोळा, चिमण्यांची घरटी आणि गाळ यांनी ती बुजतात, आणि मग गर्डर वर्षभर पाण्यात बसून राहतो. कोयनानगरच्या पावसात हा गर्डर किती वेगाने खाल्ला जातो, ते तिथे काम केलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. सळईने प्रत्येक भोक मोकळं करा.

पत्र्याची जाडी अल्ट्रासॉनिक गेजने मोजा. दरवर्षी त्याच ठिकाणी मोजली तरच आकड्याला अर्थ, म्हणून रंगाचे ठिपके आणि क्रमांक कायमचे टाकून ठेवा. बहुतेक आराखड्यांत गंजासाठी साधारण दीड मिलिमीटर जाडी जादा धरलेली असते. ती संपत आल्याचं ज्या ठिपक्यावर दिसेल, तो दरवाजा दुरुस्तीच्या यादीत वर घ्या.

वायर रोप

दोर बघताना आपण होईस्टजवळ उभे राहून ड्रमवरचा भाग बघतो, कारण तो सोयीचा असतो. दोर कुजतो तो खाली, दरवाजाला जिथे अडकवलेला असतो तिथे. तो भाग पावसाळाभर पाण्यात असतो, दोराचं टोक धरणाऱ्या सॉकेटच्या तोंडाशी ओल साठते आणि आतल्या तारा बाहेरून दिसत नाहीत. म्हणून दरवाजा पूर्ण खाली असताना तिथपर्यंत उतरावंच लागतं.

आधी जुनं वंगण तारेच्या ब्रशने आणि डिझेलने काढा. वंगणाच्या थराखाली काय चाललंय ते दिसल्याशिवाय केलेली पाहणी ही पाहणीच नव्हे. मग चामडी हातमोजे घालून कापूस किंवा कॉटन वेस्ट दोरावरून हळूहळू फिरवा. तुटलेली तार कापसाचा धागा पकडते. तिथे खडूने खूण करा आणि एका पिळाच्या लांबीत किती तारा तुटल्यात ते मोजा. तारा विखरून तुटल्या असतील तर झीज. एकाच जागी, एकाच पदरात तुटल्या असतील तर दोर बदलायचाच. व्यास व्हर्नियरने मोजताना जबडे दोन उंचवट्यांवर टेकले पाहिजेत, खाचेत बसले तर आकडा खोटा येतो. मूळ व्यासापेक्षा दहा टक्क्यांच्या आसपास घट दिसू लागली की बदलण्याशिवाय पर्याय नाही. पण तेवढी वाट बघूच नका, कारण मागणी, निविदा आणि पुरवठा यातच एक पावसाळा निघून जातो. एका दरवाजाचे दोन्ही दोर एकदम बदलावेत. जुना आणि नवा दोर सारखे ताणले जात नाहीत.

दोन्ही बाजूंचा ताण सारखा आहे का, हे बघायला दरवाजा पाच-दहा सेंटिमीटर उचला आणि दोन्ही कडांचं तळापासूनचं अंतर मोजा. फरक आला तर टर्नबकलने (दोराचा ताण कमी-जास्त करायच्या पेचाने) जुळवा. तिरका दरवाजा एका बाजूच्या भिंतीवर घासतो, आणि मग लोक सीलला दोष देतात.

ड्रमवर दरवाजा पूर्ण खाली असतानाही किमान दोन-तीन वेढे शिल्लक हवेत आणि टोकाचे क्लॅम्प घट्ट हवेत. सगळं मनासारखं झालं की गरम करून पातळ केलेलं कार्डियम कंपाउंड (दोराचं घट्ट वंगण) दोराला लावा. थंड, घट्ट कंपाउंड वरवर बसतं आणि आतली ओल आतच राहते.

दोर, साखळी, त्यांची टोकं यांबद्दल इतकं का बोलतोय, याला कारण फार लांबचं नाही. १० ऑगस्ट २०२४ च्या रात्री तुंगभद्रा धरणाचा १९ वा दरवाजा साखळी तुटल्याने वाहून गेला. त्या धरणाला ३३ दरवाजे आहेत. त्यातली एक साखळी तुटली आणि शेतीसाठी साठवलेलं पाणी आठवडाभर नदीतून वाहत राहिलं.

ब्रेक, गिअर आणि वीज

गिअरबॉक्समधलं तेल काचेतून बघून समाधान मानू नका. तळाचा प्लग उघडून थोडं बाटलीत घ्या. दुधी दिसलं तर पाणी शिरलंय, तेल पूर्ण बदला. उघड्या गिअरच्या दातांवर संपर्काचा पट्टा दाताच्या पूर्ण रुंदीवर दिसायला हवा. एकाच टोकाला चकाकी असेल तर शाफ्टची सरळ रेघ बिघडलीय.

ब्रेकची चाचणी सोपी आहे. दरवाजा साधारण तीस सेंटिमीटर उचलून वीज तोडा. ड्रमवर आणि चौकटीवर समोरासमोर खडूची रेघ मारा आणि बाकीचं काम करून तासाभराने परत या. रेघ सरकली असेल तर लायनिंग घासलंय किंवा त्यावर तेल उडालंय.

मोटरचं इन्सुलेशन मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) बघा. ४१५ व्होल्टच्या मोटरला एक मेगओहमपेक्षा कमी आलं तर मोटर सुकवल्याशिवाय चालवू नये. पॅनेलमध्ये उंदीर, पाली आणि गांधीलमाशीची मातीची घरटी सापडतातच. केबल शिरते ती भोकं बंद करा.

आणि एक गोष्ट ठळक अक्षरांत लिहून पॅनेलवर चिकटवा: ट्रान्सफॉर्मर, केबल किंवा जनरेटर यांवर कोणतंही काम झालं की फेजचा क्रम तपासल्याशिवाय दरवाजा चालवायचा नाही. फेज उलट झाले तर ‘वर’चं बटण दाबल्यावर दरवाजा खाली येऊ लागतो, आणि मर्यादेपाशी मोटर थांबवणारा लिमिट स्विच त्या दिशेला काम करत नाही. लिमिट स्विच आधी हाताने दाबून बघा, मोटर थांबते याची खात्री करा, मगच दरवाजा शेवटपर्यंत न्या.

सील

कोणीतरी दरवाजामागे जोरदार दिवा धरावा आणि तुम्ही संध्याकाळी पुढून बघावं. जिथून उजेड येतो तिथून पाणी येणार. रबर कडक होऊन तडकलं असेल तर बदला, नुसते बोल्ट ढिले असतील तर आवळा, पण सगळे सारख्या ताणाने. एकच जोरात आवळला की शेजारी रबर फुगतं. सील टेकते ती स्टीलची पट्टी गुळगुळीत हवी, तिच्यावरचा रंगाचा शिंतोडा किंवा सिमेंटचा डाग खरवडून काढा. कोरड्या दिवसांत दरवाजा हलवताना बाजूच्या सीलवर पाईपने सतत पाणी मारत राहा, नाहीतर चाचणीच रबर जाळते.

चाचणी: तीन प्रकारे

पहिली मुख्य विजेवर, पूर्ण उंचीपर्यंत आणि परत खाली. दर मीटरला अँपिअर लिहा आणि वेळ लिहा. वर जाताना होणारा कण्हल्यासारखा आवाज, हिसका किंवा थरथर कोणत्या उंचीला आली तेही लिहा. मागच्या वर्षीच्या आकड्यांशी आणि शेजारच्या दरवाजांशी ताडून बघा. ट्रनियनच्या हिशेबात पाहिलंच, की काटा थोडासाच हलतो; म्हणून थोडासा फरकही सोडून द्यायचा नाही.

दुसरी जनरेटरवर. जनरेटर नुसता पाच मिनिटं सुरू करून बंद केला तर ती चाचणी नव्हे. त्याच्यावर दरवाजा प्रत्यक्ष उचला. बॅटरी, डिझेलचा साठा आणि गाळणी बघा. महापुराच्या रात्री डोंगरातली वीजवाहिनी पहिल्यांदा जाते हे गृहीत धरूनच चाला.

तिसरी हाताने, हँडल घालून. हिला सगळे टाळतात, कारण वेळखाऊ आहे आणि खांदे भरून येतात. पण एवढं तरी कराच: मोटरचा स्विच कुलूपबंद करा, हँडल बसवा, दरवाजा वीस-पंचवीस सेंटिमीटर उचला आणि किती फेऱ्यांत किती उचलला ते लिहा. आळीपाळीने किती माणसं लागतील हे त्यावरून ठरतं. हँडल लावल्यावर मोटर सुरूच होऊ नये अशी इंटरलॉकची सोय असते, ती खरोखर काम करते का ते बघा. हँडल अडकलेलं असताना मोटर फिरली तर माणसाचा हात जातो.

चाचणी कोरड्यात असली तरी भोंगा वाजवा. भोंगाही यंत्रच आहे, आणि नदीकाठच्या लोकांना त्याचा आवाज ओळखीचा राहायला हवा. ऑपरेटरकडून उघडण्याचा क्रमही या वेळी म्हणून घ्या. पाणी नदीत मधोमध आणि दोन्ही बाजूंना सारखं पडावं म्हणून मधल्या दरवाजांपासून सुरुवात करून जोडीने बाहेर जायचं, आणि सगळे सारख्या उंचीवर ठेवायचे. तुमच्या धरणाचा मंजूर क्रम वेगळा असेल तर तोच पाळायचा.

स्टॉपलॉग

दरवाजाच्या मागे, जलाशयाच्या बाजूला, पाणी अडवून दुरुस्ती करता यावी म्हणून खाचेत सोडायचे हे लोखंडी तुकडे. वर्षानुवर्षं वापर नसल्याने ते धरणाच्या एका कोपऱ्यात गवतात पडलेले असतात. एक तुकडा गॅन्ट्री क्रेनने उचलून खाचेत खरोखर उतरवून बघा. क्रेनच्या लिफ्टिंग बीमचे आकडे तुकड्यात आपोआप अडकतात आणि सुटतात का, खाचेत दगड किंवा काँक्रीटचा गठ्ठा तर नाही ना, हे त्याशिवाय कळत नाही. तुंगभद्रेला वाहत्या पाण्यात असे तुकडे नव्याने बनवून उतरवावे लागले होते.

भूकंपानंतर

आपल्या भागात हा कप्पा सोडता येत नाही. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप साऱ्या देशाला माहीत आहे, आणि छोटे धक्के आजही बसतात. जाणवण्याइतका धक्का बसला की त्याच दिवशी, वेळापत्रकाची वाट न बघता चार गोष्टी बघा: ट्रनियन ब्रॅकेटमागच्या भेगांच्या खुणा, होईस्ट ब्रिजच्या टेकूंवरचे बोल्ट, मोटर ते गिअरबॉक्स कपलिंगची सरळ रेघ, आणि दरवाजा व बाजूच्या भिंतीतलं अंतर दोन्हीकडे. पाणी दरवाजाला टेकलेलं असेल तर परवानगी घेऊन दरवाजा अगदी थोडा, पाच सेंटिमीटर, उचलून लगेच खाली घ्या आणि अँपिअर लिहा. त्या आकड्यांशेजारी धक्क्याची तारीख आणि वेळ टाका, आणि नोंदवहीच्या त्या पानाची प्रत त्याच संध्याकाळी उपविभागाला पाठवा.